बिनतारी डबा नंबर तीन

४ फेब्रुवारी

चिमटे,

आधी हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मी काही विचारलं तर "मामाला यातलं काय कळतं" असं तुझ्या शिकलेल्या डोक्यात यायला नको. मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा : शिलाई मशीनच्या मोटारीवर चालणारं ड्रिल, एकोणीस वर्षं झाली, अजून चालू आहे. तुझ्या आईच्या स्वयंपाकघराचं सरकतं दार, एका बोटाने सरकतं. मोठ्या बोअरिंग मशीनच्या टेबलाखालची तेलाची नळी, कारण कंपनीची नळी दर चार महिन्यांनी फुटायची. डायल धरायचा दोन सांध्यांचा हात. तू तिसरीत असताना तुझ्यासाठी रेडिओ, त्यावर एकच स्टेशन लागायचं, पण स्वच्छ लागायचं. पेंडंट टांगायचा फिरता खांब. पितळेच्या सात क्लिपा, खात्यातल्या सात मशीनांच्या पेंडंटना एकेक, धरून धरून बोटं आखडू नयेत म्हणून. यातलं काहीही मी पुस्तक उघडून केलेलं नाही.

आता काम. पेंडंट म्हणजे मशीनला केबलने जोडलेला हातातला डबा. टेबलावर जॉब, म्हणजे भोक कोरायचा लोखंडी तुकडा, बसवताना मुख्य पॅनेलपाशी उभं राहून काही दिसत नाही, म्हणून डबा हातात घेऊन जॉबपाशी वाकायचं, मापाच्या डायलच्या काट्यावर डोळा ठेवायचा आणि डब्यावरची फिरकी फिरवत टेबल केसभर इकडे, केसभर तिकडे. तुला हे ठाऊक आहे, तरी मी पूर्ण लिहितो. अर्धवट लिहिलं की लोक त्याचा हवा तसा अर्थ काढतात.

पंधरा जानेवारीला लंबूचा डावा हात मशीनमध्ये सापडला. अठरा वर्षं आम्ही दोघं एका मशीनवर आहोत. तुला खांद्यावर बसवून क्रेन दाखवायचा, तो लंबूकाका. तो जॉबच्या मागे क्लॅम्प आवळत होता. पेंडंटची केबल अडकली, डबा खांबावरून घसरून मशीनच्या पत्र्याच्या गार्डवर आपटला, बटण दाबलं गेलं आणि टेबल सरकलं. बेचाळीस मिलिमीटर, नंतर मी मोजलं. मनगटाची दोन हाडं गेली.

मालक म्हणाले, केबलची कटकट नको, बिनतारी घेऊ. निवड तूच कर, सही तुझी. आता मला सांग, बत्तीस वर्षांत मालकांनी मला साधा स्क्रूड्रायव्हर निवडू दिला नाही, मग आजच का? उद्या काही बिघडलं तर सही कुणाची हे दाखवायला? तीन एजंट तीन नमुने ठेवून गेलेत. मी त्यांना नंबर दिलेत : एक, दोन, तीन. नावं लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

तू अशाच वस्तू तपासतेस म्हणे. फोन करू नकोस. फोनवर तू हो हो करतेस आणि मागे चार माणसं हसत असतात. कागदावर लिही. आणि सल्ला देण्याआधी हे स्पष्ट लिही, की या तिघांपैकी कुणाशी तुझं किंवा तुझ्या साहेबांचं काही लागतंय का.

मामा


११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या ओळीत : नाही. आम्ही वस्तू तपासतो, विकत नाही. तू पाठवलेल्या चित्रांवरून तिन्ही डबे ओळखले, तिन्ही आमच्या टेबलावर येऊन गेलेत. आम्ही ते तापवतो, गारठवतो, आपटतो, शिक्का मारतो आणि परत पाठवतो. कंपनीवाले आम्हाला चहासुद्धा पाजत नाहीत, उलट आमचाच पिऊन जातात.

यादी वाचून हसू आलं. त्या रेडिओवर एकच स्टेशन लागायचं आणि तेही नेमकं तुझ्या आवडीचं, हे तू लिहिलं नाहीस. चिमट्याने तारा धरून मी तुला कथलाचे डाग द्यायला मदत केली, तेही नाही. माझं नाव त्यावरून पडलं, निदान तेवढं तरी यादीत घाल.

लंबूकाकाचं वाचून मात्र हात थांबला. बोटं हलतात का? तू भेटून आलास का?

डबा निवडताना काय बघायचं ते लिहिते. पडद्याचे रंग बघू नकोस. आधी हे बघ, की डबा आणि मशीनचं बोलणं तुटलं तर मशीन काय करतं. थांबलं तर चांगलं, विचार करत बसलं तर वाईट. मग लाल बटण हातमोजे घालून दाबता येतं का. मग बॅटरी संपताना आधी सांगते का. आणि शेवटी बाजूचं बटण, म्हणजे जे बोटाने धरून ठेवल्याशिवाय टेबल हलतच नाही ते. सगळ्यात जास्त वेळ त्या बटणाला दे.

त्यावरून एक शंका. तुमच्या जुन्या पेंडंटलाही ते बटण आहे, लहानपणी तूच मला दाखवलं होतंस. डबा खांबावरून पडला तेव्हा तो कुणाच्या हातात नव्हता. मग बाजूचं बटण कोण धरून होतं?

तुझी,
चिमटी


१७ फेब्रुवारी

चिमटे,

बटण जुनं होतं. अडकलं असणार. जुन्या वस्तू अडकतात. तू चौकशी अधिकारी आहेस की माझी भाची?

तपासणीचं लिहितो. स्टोअरच्या काट्यावर वजन केलं : एक, नऊशे दहा ग्रॅम. दोन, तीनशे ऐंशी. तीन, सहाशे चाळीस. तिन्ही लाकडी फळीवर कमरेच्या उंचीवरून प्रत्येकी पाच वेळा टाकले. एकच्या एजंटचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाला, "काका, ही नाजूक वस्तू आहे!" म्हटलं, "मग दागिन्यांच्या दुकानात ठेवा. इथे माणसं पडतात, डबे का नाही पडणार?"

डबा हातात घेऊन चालत गेलो. लोखंडी खांबांमागून क्रेनखाली बेचाळीस पावलं, मग रंगखात्याच्या भिंतीआड. एक तिथपर्यंत चालला. दोन नंबर भिंतीआड गेला की दम घेतो, सेकंदभर काहीच करत नाही, मग अचानक जागा होतो. अचानक जागं होणारं काहीही मला आवडत नाही. तीन नंबरचा डबा मशीन सरळ बंद करतो. एका दिवसात चार वेळा बंद केलं, वेळा लिहून ठेवल्यात. चार वेळा मला पॅनेलपर्यंत चालत जावं लागलं. हा डबा माझ्यावर विश्वास ठेवत नाही, मी त्याच्यावर का ठेवू?

मला खरी भीती दुसरीच आहे. तार असली की दिसतं कुठून कुठे जाते. बिनतारीचं काय? शेजारच्या मशीनचा डबा हातात घेतला आणि माझंच टेबल हललं तर? म्हणून दोन नंबरचे दोन नमुने मागवले, एक माझ्या मशीनला, एक शेजारच्या, आणि तासभर उलटसुलट दाबत बसलो. हललं नाही. पण आज हललं नाही म्हणजे उद्या हलणार नाही, असं मी कुणालाही लिहून देणार नाही.

एजंटांविषयी : एकवाला सगळ्यांना पेन वाटतो. दोनवाला जेवणाच्या सुट्टीतच येतो, साहेब नसताना. तीनवाला बोलतच नाही. विचारलं तेवढं सांगतो आणि गप्प उभा राहतो. विकायला आलेला माणूस गप्प राहतो, याचा अर्थ त्याचं काम आधीच कुणीतरी केलेलं असतं. कोण ते बघतोय.

लंबू बरा आहे म्हणे. जायला जमलं नाही, या डब्यांच्या मागे वेळच नाही.

मामा


२३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझ्या वेळांच्या नोंदी बघून आमच्या खात्यातल्या दोघांनी विचारलं, हे गृहस्थ नोकरी शोधतायत का? खरंच सांगते, आमच्याकडे सुद्धा भिंतीआड इतकं कुणी चालत नाही.

पण निष्कर्ष उलटा काढलास. तीन नंबर चार वेळा थांबला, कारण चार वेळा त्याला मशीनशी नीट बोलता आलं नाही. थांबणं हेच त्याचं काम. रंगखात्याच्या बाजूला एक जादा अँटेना लावली की तेही थांबेल. शेजारच्या मशीनची भीती बरोबर आहे, पण त्यासाठी प्रत्येक डब्याची एका मशीनशी गाठ बांधलेली असते, आणि ती किल्लीशिवाय सुटत नाही. किल्ली तुझ्या कपाटात ठेव, म्हणजे तुला झोप लागेल.

तर माझा सल्ला : तीन. कारण एकच, त्याचं बाजूचं बटण. सैल सोडलं तर बंद, मधोमध धरलं तर चालू, घाबरून घट्ट आवळलं तरी बंद. माणूस दचकला की एक तर हातातलं टाकतो, नाही तर मूठ आवळतो. दोन्ही वेळा टेबल थांबतं.

जुनं बटण अडकलं होतं असं लिहिलंस. मामा, तू दर शनिवारी ते उघडून साफ करतोस. मामी त्यावरून तुला चिडवते, की घरातली कढई तुझ्या नजरेतून सुटते पण मशीनचं बटण सुटत नाही. तुझ्या हातची वस्तू अडकते?

लंबूकाकाला भेटून ये. डबे कुठे पळून जात नाहीत.

चिमटी


१ मार्च

भाचीबाई,

पकडलं मी.

काल तीनवाला एजंट आला. मी मुद्दाम विचारलं, या बाजूच्या बटणात एवढं काय आहे हो? गप्प उभा राहणारा माणूस काय बोलला ठाऊक आहे? "सैल सोडलं तर बंद, मधोमध धरलं तर चालू, घाबरून घट्ट आवळलं तरी बंद." शब्दाला शब्द. तुझं पत्र खिशातच होतं, त्याच्यासमोर काढून ताडून बघितलं. 'घाबरून'सुद्धा तेच. तो म्हणाला, "काय झालं साहेब?" म्हटलं, "काही नाही, अक्षर बघतोय."

दोन माणसं एकमेकांना न भेटता तेच वाक्य बोलतील, इतका मी भोळा नाही. तुझ्यावर राग नाही. नवीन नोकरी आहे, साहेब सांगतात ते करावं लागत असेल. पण पहिल्या ओळीत 'नाही' लिहायचं नव्हतंस. तुला किती देतात हे मी विचारणार नाही.

तीन नंबरचे मला सापडलेले दोष : बटण कडक आहे. मधोमध धरून ठेवायला बोट सारखं जागं ठेवावं लागतं, दहा मिनिटांत अंगठा दुखतो. एका हातात डबा अडकतो, मग दुसऱ्या एकाच हाताने डायल आणि फट मोजायची फिलरची पट्टी दोन्ही कसे सांभाळायचे? ज्याने हा डबा बनवला त्याने आयुष्यात जॉब सेट केलेला नाही. मी अहवालात एक नंबर लिहिणार आहे. वजनाने जड आहे, पण त्याचं बटण साधं आहे आणि डब्याला बाजूने चांगली कड आहे.

इथेही वारं बदललंय. लंबू माझ्याशी बोलत नाही. मागच्या आठवड्यात प्लास्टरमधला हात घेऊन पगाराच्या कागदासाठी आला होता, माझ्याकडे बघितलं आणि सरळ ऑफिसात गेला. अठरा वर्षं एका डब्यातून जेवलो. कुणीतरी त्याचे कान भरलेत. दोनवाल्या एजंटवर माझा संशय आहे.

मालकांनी अपघाताचा कागद तयार केलाय. त्यात आहे की लंबूने न सांगता चालू मशीनमध्ये हात घातला. साक्षीदार म्हणून माझी सही हवी. तसा कागद गेला तर त्याला भरपाई नाही आणि हात बरा झाला तरी परत घेणार नाहीत. मी म्हटलं, आधी डब्याचा अहवाल होऊ दे, मग बघू. सही केलेली नाही. पण त्याने सांगितलं होतं का, हे मला खरंच आठवत नाही.

मामा

(याच पाकिटात, वेगळ्या चिठोऱ्यावर)

चिमटे, मी पाकीट चिकटवायला घेतलं म्हणून हे आत घालतेय, त्याला माहीत नाही. तुझ्या मामाचं काही खरं नाही. पत्र लिहितो, फाडतो, पुन्हा लिहितो. परवा शर्ट धुवायला घेतला तर खिशात पितळेची एक क्लिप, तो सगळ्या मशीनांना लावतो त्यातली. म्हटलं, ही इथे काय करतेय, तर माझ्या अंगावर ओरडला. पंचवीस वर्षांत वस्तूवरून ओरडला असेल, माझ्यावर कधी नाही. दीड महिना झाला, ती क्लिप एका शर्टातून दुसऱ्या शर्टात जाते. तुला काही समजत असेल तर बघ. मला यातलं काही कळत नाही, पण माणूस कळतो. मामी.


१२ मार्च

मामा,

तीन नंबरच्या खोक्यात निळ्या रंगाचं एक पुस्तक आहे. प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नसेल, कारण तू पुस्तकं उघडत नाहीस. ते उघड. पान अकरा, वरून चौथी ओळ. एजंटने ते वाक्य तिथून पाठ केलं आणि मी आमच्या तपासणीच्या कागदावर शंभरदा लिहिल्यामुळे मलाही तेच येतं. मला कुणी काही देत नाही. आठ दिवस तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि प्रत्येक वेळी "किती देतात" या शब्दांपाशी उठून गेले. म्हणून उत्तराला उशीर.

आता मीही एक गोष्ट लपवली, ती सांगते. तीन नंबर मी का सुचवला त्याचं खरं कारण लिहिलं नाही. तुझ्या पहिल्या पत्रातली यादी वाचतानाच मला कळलं होतं. सात मशीनांना सात पितळेच्या क्लिपा, धरून धरून बोटं आखडू नयेत म्हणून. काय धरून, मामा? त्या क्लिपा बाजूचं बटण दाबून ठेवण्यासाठी आहेत. बटण कोण धरून होतं हे मी विचारलं, तेव्हा उत्तर तुझ्याच यादीत होतं. तू स्वतः लिहून द्यावंस, म्हणून मी वाट बघितली. तीन नंबर अशासाठी, की त्यावर तुझी क्लिप बसत नाही. दाबून बसवली तर बटण तिसऱ्या जागेवर जातं आणि मशीन बंद पडतं.

एक नंबरला "बाजूने चांगली कड आहे" असं तू लिहिलंस. ती कड क्लिप अडकवायला हवी असते, हे मला कळतं.

तू मला चिमटा धरायला शिकवलंस तेव्हा एकच नियम होता : चुकीचा डाग पडला की लगेच सांगायचं, लपवायचा नाही, नंतर सापडत नाही. मी आठ वर्षांची होते आणि दर वेळी सांगायचे. तू कधी ओरडला नाहीस.

सही करू नकोस.

चिमटी


३ एप्रिल

चिमटे,

पान अकरा बघितलं. वरून चौथी नाही, पाचवी ओळ, पण वाक्य तेच आहे. एजंट येऊन गेला तेव्हा त्याला खुर्ची दिली आणि चहा पाजला. तो आणखीच घाबरला. तुझ्याबद्दल जे लिहिलं ते चूक होतं. हे वाक्य मी चार वेळा लिहिलं, तीनदा त्याच्यापुढे 'पण' आला, म्हणून कागद फाडले. हा चौथा आहे.

पंधरा जानेवारीचं आता पूर्ण लिहितो.

क्लिप लावलेली होती. ती बसवल्यावर डबा खांबावर टांगून मी दोन्ही हात मोकळे ठेवतो, हे सगळ्या खात्याला माहीत आहे. मालकांनाही, त्यांनीच म्हटलं होतं की सेटिंगचे पन्नास मिनिटांचे तीस झाले, शाबास. लंबू मागे क्लॅम्पला गेला. जाताना म्हणाला, "हात घालतोय रे." मी "हं" म्हटलं. हे मला आठवत नाही असं तुला लिहिलं होतं. आठवतं. मी आकडा वहीत उतरवायला वळलो, कोपर केबलला लागलं, डबा घसरला, गार्डवर आपटला. क्लिप नसती तर नुसता आवाज झाला असता.

लंबू ओरडला. मी डबा उचलला. आणि टेबल मागे घेण्याच्या आधी मी क्लिप काढून खिशात टाकली.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. मला वाटत होतं, सगळं एकदमच झालं.

मागच्या रविवारी लंबूच्या घरी गेलो. जिना चढताना दोनदा परत फिरलो. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि आत गेली. तो खिडकीपाशी रबराचा चेंडू दाबत बसला होता. डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसाला दोनशे वेळा. मी क्लिप समोर ठेवली आणि जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "झालं तुझं सांगून?"

"झालं."

"मला दिसलं होतं. माझं तोंड तुझ्याकडेच होतं. हात आत अडकलेला, आणि तू आधी क्लिप काढतोयस. तीन सेकंद. मोजले मी. तुझ्यासोबत राहून राहून हीच सवय लागलीय, हात मोडत असतानाही आकडे मोजायचे."

मी म्हटलं, "मग ऑफिसात सांगितलं का नाहीस? मला वाटलं, कुणी तुझे कान भरले."

"कशाला? कान भरले म्हणतोस ना लोकांनी? कुणी भरले नाहीत. मी रोज वाट बघत होतो, आज येईल, उद्या येईल. तुझ्या बदली मी सांगून टाकलं असतं तर तू आला असतास का?"

मग चेंडू माझ्याकडे फेकून म्हणाला, "तूपण दाब दहा वेळा. फुकट बसलायस."

मी दाबले. एकशे पासष्टपासून एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत माझे धरले त्याने. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मी विचारलं नाही. त्याची बायको शेवटपर्यंत बाहेर आली नाही.

सोमवारी कामावर गेलो आणि बाकीच्या सहाही मशीनांच्या क्लिपा गोळा केल्या. सहा मशीनवाले माझ्यावर चिडले. एकजण म्हणाला, "उस्ताद, लावलीत पण तुम्हीच आणि काढताय पण तुम्हीच, आमच्या अंगठ्याचं काय?" म्हटलं, "दुखू दे."

मग तीन नंबरचा डबा घेऊन बसलो. त्या दिवशी प्रामाणिकपणे आठवून बघितलं, की तिन्ही नमुने पहिल्यांदा हातात आले तेव्हा मी आधी काय बघितलं. वजन नाही, पडदा नाही. क्लिप कुठे बसेल ते बघितलं. तीनवर ती बसत नव्हती, म्हणून मला तो एजंट लबाड वाटला, डबा अविश्वासू वाटला आणि तू विकली गेलेली वाटलीस. अंगठा दुखतो हे मात्र खरं आहे. त्याला उपाय मी काढलाय : डबा मनगटाला टांगायचा चामड्याचा पट्टा, म्हणजे वजन अंगठ्यावर येत नाही, आणि डायलसाठी माझा दोन सांध्यांचा हात आहेच. बटणाला पट्टा कुठेही शिवत नाही. चित्र सोबत आहे, बघून सांग, शिक्का मारशील का?

अहवाल दोन भागांत लिहिला. पहिल्यात डबा नंबर तीन का, त्याची मापं, वेळा, जादा अँटेनाची जागा. दुसऱ्यात पंधरा जानेवारी, क्लिपचं चित्र मिलिमीटरसह, आणि लंबूने हात घालण्याआधी सांगितलं होतं, हे वाक्य वेगळ्या ओळीत. तीन प्रती काढल्या. एक सकाळीच पोस्टाने विमा तपासणाऱ्या साहेबांकडे गेली, पावती माझ्याजवळ आहे. एक या पाकिटात आहे, जपून ठेव. माणसांवर विश्वास ठेवायला मी आता शिकतोय, पण कागदाच्या बाबतीत घाई नको.

तिसरी मालकांना दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली, दार लावलं आणि बसले. विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" म्हटलं, "भाचीने. आठ वर्षांची असताना." त्यांना काही कळलं नाही, मी समजावलंही नाही.

सेटिंगवरून मला काढलंय, चौकशी होईपर्यंत स्टोअरमध्ये बसतो. नट-बोल्ट देतो. बोल्टांचे खण मापाप्रमाणे लावलेले नव्हते, ते लावून झाले. तीन नंबरचे सात डबे येणार आहेत, ते मात्र माझ्याच अहवालावर. लंबूचा कागद मालकांना मागे घ्यावा लागला, भरपाईचा अर्ज त्याने भरलाय, मी साक्षीदार आहे. उजव्या हाताने सही केली त्याने, वाईट अक्षर आहे, पण त्या हाताला काही झालेलं नाही, अक्षर आधीपासूनच तसं आहे.

तुझी आई विचारेल, की एवढा सरळ वागलास तर पदरात काय पडलं. तिला उगाच वाढवून किंवा कमी करून काही सांगू नकोस, नेमकं सांग. दार लावल्यावर मालक म्हणाले होते की दुसरा भाग फाडून टाक, लंबूने न सांगता हात घातला एवढ्या एका ओळीवर सही कर, आणि पहिल्या तारखेपासून तू खात्याचा फोरमन : काचेची केबिन, मशीनला हात लावायचा नाही, आणि आताच्या पगारावर महिन्याला अकरा हजार चारशे पन्नास. मी नको म्हणालो.

मामा